गाणाऱ्याचा गळा आणि मालकीचा कागद

एप्रिल महिन्यात नांदेड-लातूरकडे भीमगीतांचा हंगाम भरात येतो. मंचावरचा गायक रात्र जागवितो, बिदागी घेतो आणि घरी जातो. त्याच्या ध्वनिमुद्रित गाण्याचे उत्पन्न मात्र वर्षानुवर्षे दुसऱ्याच्याच खात्यात जमा होत राहू शकते.

प्रश्न जुनाच आहे. १९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना मेहनतान्यापलीकडे स्वामित्वधन मिळावे, असा आग्रह धरला. मेहनताना मिळाला की व्यवहार संपला, असे महंमद रफींचे मत होते. या मतभेदापायी दोघांचे एकत्र गाणे काही वर्षे थांबले. गायकाचा हा वाटा कायद्याने मान्य केला, तो थेट २०१२ च्या दुरुस्तीने. स्वीडनच्या रॉबिन या पॉपगायिकेने निराळी वाट धरली. कंपनीशी पटेना, तेव्हा २००५ साली तिने स्वतःचीच ध्वनिमुद्रण संस्था काढली.

आपल्या गायकांपाशी तेवढे भांडवल नाही, हे खरे. परंतु सही करण्यापूर्वी करार वाचावयास भांडवल लागत नाही. मजुरी एकदाच मिळते. मालकी पुन्हा पुन्हा देत राहते. उद्याचे गायक आज आपल्याच वर्गांत बसलेले आहेत. तो कागद वाचावयास त्यांना शिकविणे, हे आम्हा शिक्षकांचेच काम नव्हे काय?