वेल्ह्याचे राजगड झाले, संगणकाला कोण सांगणार?

पुणे - संगणक अभियंत्यांच्या वर्तुळात एक विनोद वर्षानुवर्षे फिरतो आहे. संगणकशास्त्रात खरोखर अवघड गोष्टी दोनच : 'कॅश' वेळेवर ताजी करणे आणि नावे ठेवणे. नेटस्केपमध्ये काम केलेले फिल कार्लटन यांच्या नावावर तो सांगितला जातो. पुढे कोणीतरी त्याला शेपूट जोडले : अवघड गोष्टी दोनच, कॅश, नावे आणि मोजण्यात एकाची चूक! (संगणक बहुधा शून्यापासून मोजतो, माणूस एकापासून, त्यामुळे ही चूक नित्याचीच.)

नावे ठेवण्यात कसले आले अवघड, ते तर आम्ही रोजच करतो, असे मराठी माणूस म्हणेल. मात्र भोर आणि वेल्हे तालुक्यांचा नकाशा समोर घेतला, की या विनोदातील मेख ध्यानात येते.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास मान्यता दिली. स्वराज्याची पहिली राजधानी असलेला राजगड याच तालुक्यात आहे. तो ज्या डोंगरावर उभा आहे, तोही पूर्वी मुरुंबदेवाचा डोंगर म्हणून ओळखला जाई. शेजारच्या तोरण्याला शिवाजी महाराजांनी प्रचंडगड हे नाव दिले, तरी लोकांच्या तोंडी तोरणाच राहिला. माणसाला यात काही अडचण वाटत नाही. संगणकाला मात्र राजगड म्हणजे किल्ला की तालुका, हे कोणीतरी सांगावे लागते. त्यात मध्य प्रदेशातील राजगढ जिल्ह्याची भर!

भोरची गंमत आणखी वेगळी. १८६३ मध्ये रेल्वेसाठी खुला झालेला, इंग्रजी लिखाणात 'भोर घाट' म्हणून नोंदला जाणारा घाट भोर तालुक्यात नाहीच. तो कर्जत-खंडाळ्याचा आपला बोरघाट. भोरहून महाडकडे उतरणारा घाट वरंधा. केवळ नावावर विसंबणारा प्रोग्रॅम पर्यटकाला कोणत्या दरीत उतरवील, याचा नेम नाही.

आपल्या पूर्वजांनी या दुखण्यावर केव्हाच तोडगा काढला होता. एकाच नावाची दोन गावे असली, की मोठे ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. घोटाळा होतो तो लिहिणाऱ्याच्या आळसाने. 'वेल्हे बुद्रुक', 'वेल्हे बु.' आणि टिंब विसरलेले 'वेल्हे बु' हे गावकऱ्याला एकच गाव. संगणकाला ती तीन गावे. म्हणून शहाणा प्रोग्रॅमर नावाऐवजी क्रमांकावर भिस्त ठेवतो. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याचा क्रमांक ५२१ होता. तालुक्यांना आणि गावांनाही असेच क्रमांक असतात. पाटी बदलली, तरी क्रमांक तोच ठेवता येतो.

राहिली कॅश. वारंवार लागणारी माहिती संगणक दर वेळी मूळ कोठारातून आणत नाही. तिची एक प्रत हाताशी ठेवतो, ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यासारखी. कोठीतले तिखट बदलले, तरी डब्यातले संपेपर्यंत आमटीची चव जुनीच! मूळ नोंदीत राजगड आले, तरी कुठल्यातरी प्रतीत वेल्हे शिल्लक राहू शकते, ते याचमुळे.

येथे हसू जरा मावळते. विद्यार्थ्याच्या जुन्या दाखल्यावर तालुका वेल्हे आणि नव्या अर्जात राजगड अशी गाठ पडली, तर खिडकीमागचा कारकून 'तेच ते' म्हणून शिक्का मारू शकतो. प्रोग्रॅमला ते कोणी सांगितलेले नसेल, तर तो 'माहिती जुळत नाही' एवढेच म्हणेल, आणि हेलपाटा पडेल तो पासली किंवा केळदच्या पालकाला. वस्तुतः जुने नाव पर्यायी म्हणून नोंदवून ठेवणे हे काही ओळींचे काम आहे. तोवर अर्ज भरणाऱ्याने आपला तालुका 'व'खाली सापडला नाही, तर 'र'खाली शोधावा. अकारविल्हे यादीतले 'विल्हे' तेवढे अद्याप शाबूत आहे.