पाच वॅटची हाक

न्हाणीघरातला एलईडी दिवा साधारण नऊ वॅटचा असतो. त्याहूनही कमी शक्तीवर परदेशाशी बोलता येतं, असं म्हटलं तर घरचे हसतील. हौशी रेडिओवाले मात्र मोर्सच्या कडकट्टसाठी पाच वॅट पुरे मानतात. या छंदाला ते 'क्यूआरपी' म्हणतात.

शंभर वॅटवरून पाचवर आलो की शक्ती वीसपट घटते. पण ऐकणाऱ्याकडे फरक पडतो फक्त 13 डेसिबलचा, म्हणजे सिग्नल मीटरवर जेमतेम दोन घरांचा. बाकीचं काम वातावरणाच्या वरच्या भागातलं आयनांबर करतं. लहरी तिथून वळून दूरवर उतरतात.

खरी मजा अँटेनाच्या तारेत आहे. 7 मेगाहर्ट्झसाठी साधारण 20 मीटर तार घ्यायची, मधोमध तोडायची आणि गच्चीवर ताणायची. वाळत घातलेल्या कपड्यांवरून सोसायटीत वाद होणार, हे गृहीत धरा! मग टोकं बोटबोटभर कापत सूर जुळवायचा. हैदराबादच्या अशर फरहान यांनी तर बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून 'बिट-एक्स' हा संच रचला आणि तो जगभरच्या हौशींनी घरी जोडला.

प्रक्षेपणासाठी परीक्षा आणि सरकारी परवाना हवाच. तोवर क्षीण सिग्नल बुडवणारी घरातली खरखर शोधायचा एक प्रयोग करा. सेलवरचा साधा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून मोबाइलच्या चार्जरजवळ न्या. खरखर वाढली? आता घरातला मेन स्विच बंद करून पाहा. तरीही आवाज येत असेल, तर शेजाऱ्यांचे दिवे तपासावे लागतील.