बचावफळीतले प्रशिक्षक (भाग ५) : ओटो रेहागेल आणि ‘जुनाट’ फुटबॉल

मागच्या आठवड्यात आपण बेकेनबाउरच्या निमित्ताने ‘लिबेरो’ पाहिला. बाकीचे बचावपटू एकेका प्रतिस्पर्ध्याला धरून असतात, तेव्हा त्यांच्या पाठीमागे मोकळा राहून निसटलेला चेंडू अडवणारा हा खेळाडू. नवं शतक उजाडलं तोवर युरोपातल्या बहुतेक मोठ्या संघांनी ही जागा मोडीत काढली होती. तरीही ४ जुलै २००४ च्या रात्री लिस्बनमध्ये पोर्तुगालला १-० हरवून युरो करंडक उचलणाऱ्या ग्रीसच्या संघात लिबेरो होता. त्याला तिथे उभं करणारा ओटो रेहागेल हा पासष्ट वर्षांचा जर्मन माजी बचावपटू होता. त्या विजयानंतर रेहागेलवर दोन शिक्के बसले. कुणी त्याला चमत्कार घडवणारा म्हटलं, तर कुणी खेळाची मजा मारणारा. माझ्या मते हे दोन्ही शिक्के त्याच्या कारकिर्दीशी जुळत नाहीत. रेहागेलकडे ठरलेली अशी एकच शैली नव्हती. हाताशी असलेल्या खेळाडूंना काय जमतं आणि काय जमत नाही हे आधी पाहायचं आणि मग खेळ आखायचा, ही त्याची रीत होती. बचावाला चिकटून राहणं हा त्या रीतीचा एक परिणाम होता, तोही काही संघांपुरताच.

रेहागेलचा जन्म १९३८ चा, एस्सेन शहरातल्या कोळसा खाणींच्या भागातला. हेलेन नावाच्या खाणीत तो रंगारी म्हणून काम करत होता आणि तिथल्याच क्लबकडून खेळत होता. पुढे रोट-वाइस एस्सेन, मग हेर्टा बर्लिन. २४ ऑगस्ट १९६३ रोजी बुंडेसलिगाचा पहिलावहिला दिवस खेळला गेला, तेव्हा न्युरेंबर्गविरुद्ध हेर्टाच्या संघात तो होता. त्यानंतरची वर्षं कायझर्सलाउटर्नमध्ये गेली. बुंडेसलिगात तो २०१ सामने खेळला, जर्मनीच्या संघात मात्र कधीच आला नाही. अशा बचावपटूचं रोजचं काम म्हणजे आपल्याहून सरस आघाडीपटूला दीड तास रोखून धरणं. समोरचा आपल्यापेक्षा चांगला आहे हे मान्य केल्याशिवाय ते काम होतच नाही. प्रशिक्षक म्हणून त्याची सुरुवातही काही थाटाची नव्हती. २९ एप्रिल १९७८ रोजी मोसमाच्या शेवटच्या सामन्यात त्याचा डॉर्टमुंड संघ बोरुसिया म्युन्शेनग्लाडबाखकडून ०-१२ असा हरला. बुंडेसलिगातला तो आजही सर्वांत मोठा पराभव आहे. रेहागेलची नोकरी गेली.

त्याला ‘बचावात्मक’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी ब्रेमेनची चौदा वर्षं नीट पाहायला हवीत. १९८१ मध्ये तो वेर्डर ब्रेमेनला आला, तेव्हा हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता आणि त्याच मोसमात वर आला. १९८४-८५ च्या मोसमात रुडी फ्योलर आघाडीला असलेल्या या संघाने ३४ सामन्यांत ८७ गोल केले. विजेत्या बायर्नचेही इतके झाले नव्हते. पण ब्रेमेनने ५१ गोल खाल्लेही आणि दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानलं. पुढच्या मोसमात ८३ गोल झाले, गुण बायर्नइतकेच, तरी गोलफरकावर विजेतेपद हुकलं. शेवटून दुसऱ्या सामन्यात बायर्नविरुद्धच मिखाएल कुत्सोपची पेनल्टी खांबाला लागली होती. १९८७ मध्ये फ्योलर इटलीला, रोमा क्लबकडे गेला. गोलांचा हुकमी माणूस गेल्यावर रेहागेलने संघाचा तोलच बदलला. नॉर्वेहून आलेला रुने ब्राटसेथ लिबेरोच्या जागी होता, त्याच्याभोवती बचाव बांधला गेला आणि १९८७-८८ मध्ये ब्रेमेन विजेता झाला. त्या मोसमात या संघाने फक्त २२ गोल खाल्ले. बुंडेसलिगातला तो तोवरचा नीचांक होता. तीन वर्षांत एकाच माणसाने लिगेतला सर्वांत धडाकेबाज संघही उभा केला आणि सर्वांत चिवट संघही. मतांचा आग्रही माणूस असं करत नाही, माणसं पाहून आखणी करणाराच करतो.

कायझर्सलाउटर्नची गोष्ट तर जर्मनीत शाळकरी पोरांनाही पाठ असेल. १९९६ मध्ये हा क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला, रेहागेलने त्याला एका मोसमात वर आणलं आणि १९९७-९८ मध्ये थेट विजेता केलं. वर येताच विजेता होणारा संघ बुंडेसलिगात त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी म्युनिकमध्ये जाऊन बायर्नला १-० हरवलं होतं. संघाने त्या मोसमात ६३ गोल केले, त्यांतले २१ एकट्या ओलाफ मार्शालचे. हा निव्वळ अडवून धरणारा संघ नव्हता.

आता ग्रीस. २००१ मध्ये रेहागेलने जबाबदारी घेतली तेव्हा ग्रीसने मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत एकही सामना जिंकलेला नव्हता. १९९४ च्या विश्वचषकात तर तिन्ही सामने गमावताना दहा गोल खाल्ले होते आणि केला एकही नव्हता. रेहागेलची सुरुवातही फिनलंडमध्ये १-५ अशा पराभवाने झाली. युरो २००४ च्या पात्रता फेरीत पहिले दोन सामने ०-२, ०-२ असे गेले. त्यानंतरचे सहाही सामने ग्रीसने जिंकले, एकही गोल न खाता. स्पेनला तर त्यांच्याच घरी, सारागोसात हरवलं. हा बदल समजून घ्यायचा तर क्लब आणि देशाचा संघ यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. संपूर्ण बचावफळी एका रेषेत पुढे-मागे सरकवणारा, जागा वाटून घेणारा आधुनिक बचाव रोजच्या सरावातून, महिनोन्महिन्यांच्या मेहनतीने बसतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू मिळतात ते सामन्याआधीचे मोजके दिवस. अशा वेळी ‘हा माणूस तुझा, तो जाईल तिथे तू जा, आणि तो सुटलाच तर मागे लिबेरो देल्लास आहे’ ही सूचना एका बैठकीत सांगता येते आणि सामन्याच्या धामधुमीतही लक्षात राहते. माणसाला माणूस लावण्याची पद्धत जुनी खरी, पण उपलब्ध वेळेत निर्दोष बसवता येईल अशी तीच होती. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सेतारिदिसने थिएरी आन्रीला सावलीसारखं धरलं, कापसिसने त्रेझेगेला. पासष्टाव्या मिनिटाला कर्णधार झागोराकिसने उजव्या बाजूला लिझाराझूला चकवून क्रॉस टाकला आणि खारिस्तेआसने तो डोक्याने जाळ्यात मारला. उपांत्य सामन्यात चेक संघाविरुद्ध त्सिआर्तासचा कॉर्नर आणि देल्लासचं डोकं, अंतिम सामन्यात बासिनासचा कॉर्नर आणि पुन्हा खारिस्तेआसचं डोकं. बाद फेरीतले तिन्ही सामने १-०, तिन्ही गोल हेडरने. उंच माणसं आणि अचूक चेंडू टाकणारे पाय, हे ग्रीसकडे होतं आणि रेहागेलने ते पुरेपूर वापरलं.

यावर पहिला आक्षेप नशिबाचा. साखळी फेरीत ग्रीस आणि स्पेन यांचे गुण आणि गोलफरक सारखेच होते, ग्रीसचे गोल जास्त म्हणून ते पुढे गेले. चेक संघाचा नेदवेद उपांत्य सामन्यात जखमी होऊन बाहेर गेला. हे खरंच आहे आणि नशिबाशिवाय कुणी करंडक जिंकत नाही. पण एकाच स्पर्धेत पोर्तुगालला दोनदा हरवणं, बाद फेरीत एकही गोल न खाणं आणि त्याआधी पात्रता फेरीचे सहा सामने गोल न खाता जिंकणं, एवढं सगळं नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही. दुसरा आक्षेप सौंदर्याचा, आणि तो मला कमी पटतो. दुबळ्या संघाने बलाढ्य संघाशी मोकळेपणाने खेळून हरावं, ही अपेक्षा प्रेक्षकांच्या सोयीची आहे, खेळाडूंच्या नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. बायर्नसारख्या श्रीमंत संघात रेहागेल का टिकला नाही? १९९५ मध्ये मोठ्या अपेक्षेने तो तिथे गेला आणि एप्रिल १९९६ मध्ये, संघ यूएफा चषकाच्या अंतिम फेरीत असताना, त्याला काढून बेकेनबाउरला बसवलं गेलं. ताऱ्यांनी भरलेल्या संघात मोठे खेळाडू स्वतःच्या पद्धतीने खेळायला आलेले असतात आणि क्लबला विजयासोबत रुबाबही हवा असतो. तिथे रेहागेलची रीत तोकडी पडली. ग्रीसमध्येही तेच दिसलं. विजेते झाल्यावर प्रतिस्पर्धी सावध झाले, चेंडू ग्रीसच्या पायात देऊन मागे थांबू लागले, आणि तेव्हा काय करायचं याचं उत्तर या संघाकडे नव्हतं. करंडक जिंकून दोन महिने होतात तोच अल्बानियाने त्यांना हरवलं, २००६ चा विश्वचषक हुकला आणि युरो २००८ मध्ये तिन्ही सामने गेले. ही मर्यादा झाकण्याचं कारण नाही. मात्र २०१० च्या विश्वचषकात नायजेरियाला २-१ हरवून ग्रीसने विश्वचषकातला आपला पहिला विजय मिळवला, तोही त्याच्याच हाताखाली. म्हणजे त्या देशाच्या फुटबॉलने आधी कधीच न मिळवलेलं जे काही मिळवलं, ते बहुतेक याच माणसाच्या नऊ वर्षांच्या काळात.

वाचकांना एक विनंती. २००४ च्या त्या फ्रान्सविरुद्धच्या सामन्याचं चित्रीकरण मिळालं, तर एकदा पूर्ण पाहा, आणि पहिली वीस मिनिटं तरी चेंडूऐवजी सेतारिदिसवर नजर ठेवा.