घरचा ठेवा आणि कोरी तबकडी

शेतकरी घरचं बी राखून ठेवतो, तेव्हा सगळं एकाच मडक्यात भरत नाही. एकाला भुंगा लागला तर दुसऱ्यातलं पेरणीला यावं, हा त्यामागचा हिशेब. मोबाइलमध्ये आणि संगणकात साठणाऱ्या ठेव्याला मात्र आपण हा हिशेब लावत नाही. आजीच्या आवाजातल्या ओव्या, लग्नातले फोटो, शाळेची निकालपत्रकं, सारं बहुधा एकाच जागी असतं. सरकारी कागदाची नक्कल पुन्हा मिळू शकेल. गेलेल्या माणसाचा आवाज कुठून आणणार? अशा ठेव्याची एक प्रत डीव्हीडीवर काढून ठेवायची, तर यंत्र कोणतं घ्यावं आणि कोरी तबकडी कोणती, हे आज पाहू.

आधी तबकडी चालते कशी, ते समजून घेऊ. डीव्हीडी म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. मधे रंगद्रव्याचा थर असतो. यंत्रातला लेसर किरण त्या थरावर बारीक खुणा उमटवतो आणि वाचताना त्याच खुणा ओळखतो. एकदा उमटलेली खूण पुसता येत नाही. म्हणून पोरांच्या हातून मजकूर पुसला जाण्याची किंवा व्हायरसने तो बिघडवण्याची भीती इथे नाही. हा या तबकडीचा मोठा गुण. पण तो रंग ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हळूहळू विटतो, हा तिचा दोषही ध्यानात ठेवावा.

आता निवड. पाकिटावर 'आर' असेल तर ती एकदाच लिहायची तबकडी; 'आरडब्ल्यू' असेल तर पुसून पुन्हा लिहायची. राखीव प्रतीसाठी 'आर'च घ्यावी. अधिक आणि उणे अशा दोन जाती दिसतील. आजची यंत्रं दोन्ही लिहितात, तेव्हा त्याचा घोळ घालू नये. साध्या तबकडीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे मोबाइलवरचे साधारण हजारभर फोटो. ८.५ जीबीची दुहेरी थराची तबकडी महाग पडते आणि लिहिताना वाया जाण्याचा धोकाही जास्त. लांबलचक व्हिडिओंसाठी मात्र डीव्हीडी अपुरीच. तिथे वेगळी हार्ड डिस्क बरी.

दुकानातला जुना माल सांभाळून घ्यावा. आपल्याकडे घरोघर पोचलेल्या तबकड्या बनवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. तेव्हाचा साठा कुठे शिल्लक असेल, तर स्वस्त मिळतो म्हणून उचलू नये. कोरी तबकडीसुद्धा म्हातारी होते, बरं का! एम-डिस्क नावाच्या तबकडीत रंगाऐवजी टिकाऊ खनिज थर असतो. ती हजार वर्षं टिकेल असं बनवणारे सांगतात. हा दावा तपासायला आपण काही असणार नाही. पण मिळाली तर ती घ्यावी. मात्र ती लिहिण्याची सोय आपल्या यंत्रात आहे ना, हे आधी विचारावं.

यंत्राचं म्हणाल, तर यूएसबी तारेने जोडायचा साधा डीव्हीडी रायटर पुरे. तो थेट संगणकाला जोडावा, मधे दुसरी जोडणी नको. वीज कमी पडली की तबकडी वाया जाते. वेगाच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. आठपट वेगाने भरलेली तबकडी दहाएक मिनिटांत लिहून होते, एवढं आपल्याला पुष्कळ. गावात वीज जाते-येते, म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच काम सुरू करावं. लिहून झाल्यावर तपासणीचा पर्याय असतो, तो कंटाळा न करता निवडावा. शिवाय दोन-चार फोटो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावेत.

तबकडीवर कागद चिकटवू नये, बॉलपेनने लिहू नये. मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या पेनने मधल्या पारदर्शक भागावर तारीख घालावी. डबीत घालून उभी ठेवावी. ओल येणारी भिंत, चुलीजवळची फळी आणि उन्हाची खिडकी टाळावी. कोकणातल्या पावसाळ्यात तर घट्ट झाकणाचा डबाच हवा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रती दोन काढाव्यात, त्याही दोन वेगळ्या कंपन्यांच्या तबकड्यांवर. एक आपल्या घरी, दुसरी बहिणीकडे किंवा मामांकडे. शाळेची असेल तर एक शाळेत, दुसरी केंद्रशाळेत. आणि मूळ ठेवा संगणकातून पुसून टाकू नये. खंडेनवमीला आपण अवजारं काढून पुसतो, पुजतो. त्याच दिवशी या तबकड्याही काढून लावून पाहाव्यात. एखादी अडखळू लागली, तर दुसरीवरून लगेच नवी प्रत करावी. यंत्र महागाचं की स्वस्तातलं, याने फारसं बिघडत नाही. वर्षातून एकदा ही आठवण ठेवणारं माणूस घरात असलं, म्हणजे ठेवा टिकतो.