सोमवारी दुखणारे पोट : शाळा, शील आणि मुलांचे आरोग्य



काळेवाडीतल्या वस्तीत आरोग्याचे काम करताना एक तक्रार आमच्याकडे नेहमी येते. "ताई, पोरीचं सकाळी पोट दुखतं, दुपारी बरं असतं." मागच्या वर्षी तिसरीतली एक मुलगी अशीच आली होती. जंताची गोळी झाली, लघवी तपासून झाली, सोनोग्राफीही झाली. आईचे कामावरचे दोन खाडे पडले, पैसे गेले आणि रिपोर्ट सगळे चांगले आले. आम्ही आईला एकच विचारले, "रविवारी दुखतं का?" आई गप्प झाली. रविवारी कधीच दुखत नव्हते.

मुलीशी हळूहळू बोललो तेव्हा कळले. वर्गात तिच्या शेजारी कोणी बसत नव्हते. आईच्या कामावरून मुलांनी तिला एक नाव पाडले होते. बाईंना सांगितले तर "तू लक्ष देऊ नकोस" एवढेच उत्तर मिळाले. त्याच वर्गाच्या भिंतीवर समता आणि बंधुता हे शब्द रंगवलेले होते. परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका म्हटली जायची. या मुलीलाही ती तोंडपाठ होती.

पोट का दुखते?

मुलगी नाटक करत नव्हती. भीती किंवा अपमान वाटला की मेंदू सगळ्या शरीराला धोक्याचा इशारा देतो. छाती धडधडते, हात गार पडतात, आतड्यांची हालचाल बदलते आणि पोटात खरोखर कळ येते. हे रोज घडू लागले की झोप मोडते, भूक मरते. काही मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात. घाबरलेल्या डोक्यात पाढेही शिरत नाहीत.

मात्र ताप, उलट्या, शौचातून रक्त, वजन कमी होणे किंवा दुखण्याने रात्री जाग येणे, यातले काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

शील कसे घडते?

रागाला आवर घालणे, थांबून विचार करणे, दुसऱ्याचे दुःख ओळखणे, यात मेंदूच्या पुढच्या भागाचे मोठे काम असते. हा भाग साधारण पंचविशीपर्यंत तयार होत असतो. म्हणून सात वर्षांच्या मुलाला "शहाण्यासारखा वाग" म्हणून भागत नाही. सायकल जशी चालवूनच येते, तसे चांगले वागणेही रोज वागूनच येते.

बाबासाहेबांच्या बालपणीची गोष्ट आपल्या घराघरात माहीत आहे. बसायला घरून गोणपाट न्यायचे, आणि शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. शाळेच्या पुस्तकात काय लिहिले होते यापेक्षा मूल कुठे बसले आणि त्याला पाणी कोणी दिले, यातून त्या वर्गातली सगळीच मुले काहीतरी शिकत होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी फोटोला हार घालाच, पण आपल्या मुलाच्या शेजारी कोण बसते, खिचडी खाताना पंगत कशी बसते, हेही विचारा.

शाळांत काय चालले आहे?

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांत मूल्यशिक्षण जुनेच आहे. श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता अशी मूल्ये परिपाठात आली. २६ जानेवारी २०२० पासून शाळांत उद्देशिकेचे वाचन सक्तीचे झाले. हे मोलाचे आहे, पण पाठांतर ही पहिली पायरी झाली.

पुढची पायरी कशी असते ते बीड जिल्ह्यात दिसले. शांतिलाल मुथा यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांत २००९ साली 'मूल्यवर्धन' हा उपक्रम सुरू झाला. आपल्या वस्तीत बीडकडून कंपनीत कामाला आलेली बरीच कुटुंबे आहेत, त्यांच्यापैकी काहींना तो आठवत असेल. त्याचा पाया संविधानातली मूल्ये हा आहे. त्यात शिक्षकांनी भाषण करायचे नसते. मुले जोडीने आणि गटात बसतात, एकमेकांचे ऐकतात, खेळतात, वर्गाचे नियम ठरवण्यात भाग घेतात. समोरच्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबणे हा तिथे धडाच असतो. पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने हा उपक्रम इतर जिल्ह्यांतही गेला. तुमच्या शाळेत असे काही चालते का, ते मुलांना विचारा.

आणि आपले घर?

नाव पाडणारा मुलगा कोण निघाला? आपल्याच वस्तीतला. दर रविवारी विहारात वंदनेला येणारा, पंचशील घडाघडा म्हणणारा. घरी वडील दारू पिऊन आले की शिव्या आणि मार. त्यालाही तपासले तर बिचाऱ्याची झोप धड नव्हती. जे अंगावर येते तेच मूल पुढे दुसऱ्याला देते. त्याला चोपून काढले असते तर तो हेच आणखी पक्के शिकला असता.

म्हणून घरी एवढे करून पाहा :

- "किती मार्क पडले?" याच्या आधी "आज कोणाला मदत केलीस? तुला कोणी त्रास दिला का?" हे विचारा. आई-वडील दोघेही शिफ्टला असतील तर आजी किंवा मोठ्या बहिणीने विचारावे.
- मुलाने खरे सांगितले तर मारू नका. मारले की मूल खोटे बोलायला शिकते.
- आपण चुकलो तर मुलापुढे कबूल करा.
- भांडी, पाणी, झाडलोट मुलगा आणि मुलगी दोघांना सारखी वाटून द्या.
- सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. एकाच खोलीचे घर असेल तर रात्री टीव्ही आणि मोबाईल लवकर बंद करा. झोप न झालेले मूल चिडखोर होते.

शाळेत कसे बोलायचे?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हीला बंदी आहे. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कलम २१ नुसार त्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असायला हव्यात. आपल्या आयांनी या समितीत जावे. बैठकीत पाणी, संडास याबरोबर मुलांची बसण्याची व्यवस्था आणि चिडवाचिडवी हेही विषय मांडावेत. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक मोफत लागतो.

त्या मुलीची आई एकटी गेली नाही. शेजारच्या दोघी बरोबर गेल्या. आवाज न चढवता त्यांनी बाईंना सगळे सांगितले. बाईंनी दर आठवड्याला जोड्या बदलायला सुरुवात केली आणि कोणाला नाव पाडायचे नाही हा नियम मुलांकडूनच लिहून घेतला. एके दिवशी ती मुलगी आणि तो मुलगा एकाच बाकावर आले. पहिले दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्याकडे खोडरबर मागितला, तिने दिला.

परीक्षेच्या दिवशी तिचे पोट अजून कधी कधी दुखते. सोमवारी मात्र दुखत नाही. त्या मुलाच्या वडिलांची दारू सोडवणे बाकी आहे. त्यांच्या घरी आमचे जाणे-येणे चालू आहे.