शत्रूच्या देवाला आवतण

वेढा पडलेल्या नगराच्या तटाबाहेरून रोमन सेनापती आतल्या देवतेलाच साद घालायचा: हे नगर सोड, आमच्याकडे ये, तुला देऊळ बांधून देऊ. या विधीचं नाव ‘एव्होकाशिओ’. देव निघून गेला की नगर उघडं पडतं, अशी श्रद्धा होती.

गाजलेलं उदाहरण वेई या एट्रुस्कन नगराचं, इ.स.पू. ३९६ मधलं. सेनापती कामिल्लस तिथल्या ‘जूनो राणी’ या देवीला नवस बोलला. नगर पडल्यावर निवडक तरुण स्नान करून, पांढरी वस्त्रं नेसून देवळात शिरले. मूर्तीला हात लावायला ते कचरत होते. एकाने विचारलं, रोमला येतेस का? बाकीचे ओरडले, देवीने मान डोलावली! त्याने हे दैवी स्फुरणाने विचारलं की थट्टेत, हे रोमन इतिहासकार लिव्हीने मोकळंच सोडलं आहे. आव्हेंटाइन टेकडीवर मात्र तिचं देऊळ खरोखरच उभं राहिलं.

या विधीला नुसता कावा म्हणणं मला पटत नाही. आपल्यावरही हाच प्रयोग उलटेल, या धास्तीने रोमच्या रक्षक देवतेचं नाव गुप्त राखल्याचं रोमन लेखक प्लिनी सांगतो.

अशाच विधीशी जोडला जाणारा, तुर्कस्तानात इसौरा वेटस इथे सापडलेला एक लॅटिन शिलालेख इ.स.पू. ७५च्या सुमाराचा आहे. नगर जिंकून, कैदी विकून सेनापती सेर्व्हिलियसने नवस फेडल्याची ती नोंद. देवतेचं नाव त्यात नाही. या नगराला राखणारा देव असो वा देवी, एवढंच कोरलं आहे.