आकाशाचा सातबारा कोणाच्या नावावर?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. देशभर टाळ्या वाजल्या. वसई पूर्वेच्या आमच्या सातिवलीत, गाळ्यांच्या आसपासच्या चाळींतली पोरेही हरखून गेली. पुढे ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण लागले. रात्री अकरापासून ८२ मिनिटे चंद्र पूर्ण झाकोळलेला होता. त्या वेळी घराघरांत काय चालले होते? गरोदर बाईने काही चिरू नये, शिजवलेले खाऊ नये, पोरांनी बाहेर पडू नये! ज्या चंद्रावर आपले यान उतरले, त्याच चंद्राकडे पाहायला मुलांना बंदी! आपल्या वस्त्याही यातून पूर्णपणे सुटलेल्या नाहीत, हे कटू असले तरी सत्य आहे.

बांधवांनो, ग्रहणाशी आपले नाते जुने आहे. 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी ठोकत दारोदार कोण फिरत होते? महार-मांगच! राहू-केतूची पीडा टळावी म्हणून त्यांच्या पदरात धान्य आणि जुनेर टाकले जाई. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, एवढीच ती गोष्ट. पण त्या सावलीचाही उपयोग माणसाला भिकारी ठरवण्यासाठी केला गेला. बाबासाहेबांच्या चळवळीने ही लाचारी झुगारली. आरोळी थांबली, मग भीती का उरली?

राज्यघटनेच्या कलम ५१-क (ज) ने विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. ही तरतूद १९७६ ची. तरीही २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत फलज्योतिष शिकवण्याचा घाट घातला. शास्त्रज्ञ पुष्प भार्गव न्यायालयात गेले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. म्हणजे हे कर्तव्य न्यायालयाच्या भरवशावर सोडून चालणार नाही. ग्रहण आणि ग्रहताऱ्यांवरून भविष्य सांगून पोट भरण्याला तर दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तातच हीन विद्या म्हटले आहे.

लहानपणी प्रत्येक पोराला अंतराळवीर व्हायचे असते. आठवी-नववीपर्यंत ते वेड विझते. का विझते? पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. मुंबईत १९७७ पासून वरळीला नेहरू तारांगण आहे. खगोल मंडळाचे कार्यकर्ते वांगणीला रात्रभर आकाशदर्शन घडवीत आले आहेत. या हौशी मंडळींचे काम मोलाचे आहे. परंतु ज्याचा बाप रात्रपाळीला आणि आई पहाटे कामाला जाते, त्या पोराला सातिवलीहून वांगणीला कोण नेणार? वेड मुलात कमी नसते, कमी पडतो तो हात धरणारा माणूस.

हे वेड टिकले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. १७ जानेवारी २०१६ च्या शेवटच्या पत्रात त्याने ते लिहून ठेवले. वसतिगृहातून बाहेर काढलेल्या त्या पोराच्या मनात अखेरपर्यंत तारे होते. त्याच्यासाठी आपण मोर्चे काढले, ते योग्यच होते. पण वस्तीतल्या पुढच्या रोहितला आकाश कोण दाखवणार?

कुणी म्हणेल, आधी पोटाचे पाहा, मग ताऱ्यांचे. पोटाची लढाई तर चालूच आहे. पण आकाश पाहायला पैसा लागत नाही. साध्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दिसतात. कृत्तिकांचा पुंजका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचा आज दिसणारा प्रकाश सुमारे ४४० वर्षांपूर्वी, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी निघालेला आहे! हे कळलेले पोर कुंडलीला घाबरेल काय?

महापरिनिर्वाण दिनानंतर आठवडाभराने, १३-१४ डिसेंबरच्या रात्री, मिथुन राशीतून दरवर्षी उल्कावर्षाव होतो. त्याला दुर्बीणही लागत नाही. त्या रात्री प्रत्येक बुद्ध विहाराने गच्ची उघडावी. आसपासचे दिवे तासाभरासाठी बंद करावेत, खगोलप्रेमी कार्यकर्त्यांना बोलवावे, आणि मुलींना पुढे बसवावे. सातिवलीत पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरावर मृग नक्षत्र वर येताना दिसते. पुढच्या ग्रहणाला मुलांना दार लावून घरात कोंडू नका. गरोदर सुनेलाही बरोबर घेऊन गच्चीवर या. जय भीम!